लाखेचा पत्रा, प्लॅस्टिकचा पत्रा

पेरणीच्या आधींच्या दिवसांत नंदुरबार जिल्ह्यांतील कोणत्याहि शिवारांत गेलें, तरी एक देखावा सहज दृष्टीस पडतो. बांधावर काडीकचऱ्याची आगटी पेटलेली असते; शेतकरी प्लॅस्टिकच्या नळाचें एक टोंक तिच्या धगीवर धरून गोल फिरवीत असतो; टोंक मऊ पडलें, कीं तो तें दुसऱ्या नळावर चढवितो आणि वर ओलें फडकें गुंडाळतो. घटकाभरांत सांधा पक्का होतो. या कामासाठीं त्याच्यापाशीं यंत्र नसतें, तापमापक नसतो. नळ नेमका केव्हां आगीवरून काढावा, हें त्याचीं बोटेंच त्यास सांगतात. शहरांत दुकानाच्या पाटीसाठीं पारदर्शक पत्रा वाकविणारा कारागीर आणि घरांत मखरासाठीं प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्याच्या पाकळ्या वळविणारी गृहिणी हीं दोघेंहि हीच कला आचरीत असतात.

या कलेचा इतिहास आज मला आपणांपुढें थोडक्यांत मांडावयाचा आहे. प्लॅस्टिक हा पदार्थ परदेशांतून आला, आणि त्याचें वय दीडशें वर्षांहून फारसें अधिक नाहीं, हें खरें. परंतु पदार्थ तापवून मऊ करावा, मऊ असतांना त्यास आकार द्यावा, आणि तो आकार धरून ठेवून त्यास निवूं द्यावें, ही विद्या या देशांत फार जुनी आहे. इतकेंच नव्हे, तर पहिलें संपूर्ण कृत्रिम प्लॅस्टिक जन्मास आलें, तें आपल्या देशांतील लाखेस पर्याय शोधतां शोधतांच. या विद्येचें मर्म पदार्थांत नसून उष्णतेची मात्रा ओळखण्यांत आहे. पदार्थ बदलला, मात्रेचें ज्ञान मात्र नव्या पदार्थाबरोबर घरोघर पोंचलें नाहीं, आणि त्याची किंमत आज पुष्कळांचे डोळे आणि पुष्कळांचीं फुप्फुसें भरीत आहेत. म्हणून हा विषय केवळ जुन्या आठवणींचा नाहीं.

प्रथम पदार्थांचा स्वभाव पाहूं. आपल्या घरांतील दोन वस्तु घ्या : गूळ आणि वीट. गुळाची ढेप तापविली, कीं तो पातळ होतो. निवला, कीं पुन्हां घट्ट होतो. आणि हें पुन्हां पुन्हां करितां येतें. विटेचें तसें नाहीं. ओल्या मातीस आपण हवा तो आकार देतों, पण एकदां ती भट्टींत भाजून निघाली, कीं ती कितीहि तापवा, पुन्हां चिखल व्हावयाची नाहीं. प्लॅस्टिकचेहि असेच दोन वर्ग आहेत. पाण्याचा नळ, बादली, पिशवी, पारदर्शक पत्रा हीं सारीं गुळाच्या जातीचीं. विजेचीं जुनीं काळीं बटणें आणि मेलॅमाइनच्या ताटल्या ह्या विटेच्या जातीच्या. याचें कारण हर्मान श्टाउडिंगर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें १९२० सालापासून जगास पटविण्यास आरंभ केला. त्याचें म्हणणें असें, कीं या पदार्थांचे अणुसमूह म्हणजे हजारों कड्यांच्या लांबच लांब सांखळ्या होत. प्रारंभीं विद्वानांनीं त्याची थट्टाच केली. पण १९५३ सालीं त्यास याच कार्यासाठीं नोबेल पारितोषिक मिळालें. गुळाच्या जातींत या सांखळ्या सुट्या असतात, म्हणून ऊब मिळतांच त्या एकमेकींवरून सरकूं लागतात. विटेच्या जातींत त्या जागोजागीं एकमेकींस बांधलेल्या असतात, म्हणून सरकत नाहींत. हा भेद ध्यानांत ठेविला, म्हणजे पुढील सारी कथा सोपी होईल.

आपल्या सातपुड्यांत ही विद्या प्लॅस्टिकच्या फार पूर्वींपासून आहे. बाणाची काडी वाकडी निघाली, तर ती निखाऱ्यावर शेकून, हातानें दाबून सरळ करितात आणि निवेपर्यंत तशीच धरून ठेवितात. बांबूच्या तंतूंना जोडणारें लिग्निन नांवाचें द्रव्य उष्णतेनें मऊ होतें आणि निवतांच घट्ट होतें, हें शास्त्र पुढें आलें. डोंगरांतील माणसास तें हातानें माहीत होतेंच. फणी करणारे कारागीरहि शिंग कढत पाण्यांत आणि धगीवर मऊ करीत, उभें चिरीत, उलगडून दाबाखालीं सपाट करीत, आणि त्या सपाट पत्र्यांतून फणीचे दांत कापीत. आजच्या प्लॅस्टिकच्या पत्र्यावर जी क्रिया होते, तीच ही.

परंतु या सर्वांत अग्रमान लाखेचा. लाखेचे किडे अत्यंत सूक्ष्म असतात. पळस, बोर, कोशिंब अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर ते हजारोंच्या संख्येनें बसतात, रस शोषतात, आणि आपल्या अंगाभोंवतीं राळेसारख्या द्रव्याचें कवच करितात. होळीच्या सुमारास सातपुड्याच्या उतारांवर जो पळस पेटल्यासारखा फुलतो, तोच लाखेच्या किड्याचें एक आवडतें घर होय. महाभारतांतील वारणावताचें लाक्षागृह आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. लाख लवकर मऊ होते आणि लवकर पेट घेते, हें ज्ञान त्या कथेच्या मुळाशीं आहे. विदर्भांतील गोंदिया या नगरास गोंद आणि लाख यांच्या व्यापारावरून नांव पडलें, असें सांगतात.

लाखेचा पत्रा कसा होई, तें ऐकण्यासारखें आहे. फांद्यांवरील लाख खरवडून, धुऊन तिचे दाणे करीत. ते दाणे कापडाच्या लांब, अरुंद पिशवींत भरीत आणि ती पिशवी भट्टीच्या धगीसमोर धरून पिळीत. वितळलेली लाख कापडांतून पाझरे आणि कचरा आंत राही. ती लाख ऊन पाण्यानें भरलेल्या गोल नळकांड्यावर पसरीत. असें तयार झालेलें मऊ पान उचलून कारागीर भट्टीसमोर उभा राही, आणि हातांनीं, पायांच्या बोटांनीं व दांतांनीं त्याच्या कडा धरून तें चोहोंकडे ताणी. पाहतां पाहतां त्याचा कागदासारखा पातळ, मधासारखा पिवळा असा मोठा पत्रा होई. निवल्यावर तो फोडीत. सुतार लांकडास चकाकी आणण्यासाठीं जो चपडा वापरितात, तो हाच. श्रोतेहो, उष्णतेनें मऊ होणाऱ्या पदार्थाचा पत्रा हातानें ओढणारा हा मनुष्य यंत्रयुगाच्या कितीतरी आधीं आपल्या देशांत होऊन गेला. लाख साधारण ७५ ते ८० अंशांवर वितळते. त्याहून कमी तापली, तर पान ताणतांना फाटे. अधिक तापली, तर ठिबके. या दोहोंमधली अरुंद वाट त्या मनुष्यास ठाऊक होती, आणि ती चुकली तर तोंड भाजे.

लखारी लोकांची बांगडी करण्याची रीतिहि अशीच. निखाऱ्यांच्या शेगडीवर लाख मऊ करावयाची, तिच्यांत पांढऱ्या मातीची पूड आणि रंग मळावयाचा, पाटावर ती लांकडी ठोकळ्यानें लाटून वळी करावयाची, वळी कापून टोंकें ऊन असतांनाच जोडावयाचीं, आणि तें कडें गोल लांकडावर चढवून माप साधावयाचें. सोनारहि पोकळ मण्यांत आणि कड्यांत लाख भरून त्यांस बळकटी आणतात. कोल्हापुरी साजाचे पोकळ मणी याचें उदाहरण आहे. नर्मदेच्या पलीकडे, आपल्या शेजारच्या गुजरातेंत संखेडा येथें चरकावर फिरणाऱ्या लांकडास रंगीत लाखेची कांडी टेकवितात. घर्षणाच्या उष्णतेनेंच ती वितळून लांकडावर बसते. तेथें तर शेगडीचीहि गरज नाहीं.

लाखेचा आणखी एक गुण कारागिरांस माहीत होता. ती वारंवार अगर फार वेळ तापविली, तर हळूहळू चिवट होत जाते आणि शेवटीं कितीहि आंच दिली, तरी वितळत नाहीं. म्हणजे आरंभीं गुळाच्या जातीची असलेली लाख शेवटीं विटेच्या जातीची होते. म्हणून चांगला लखारी एका वेळीं पाहिजे तेवढीच लाख शेगडीवर घेई. या काटकसरींत कंजूषपणा नव्हता, शास्त्र होतें.

एकोणिसाव्या शतकांत लाखेच्या नशिबीं मोठे फेरफार आले. पूर्वीं लाखेपासून निघणाऱ्या तांबड्या रंगास फार मागणी असे. १८५६ सालीं विल्यम पर्किन या तरुणानें लंडनमध्यें पहिला कृत्रिम रंग काढला, आणि त्यामागून आलेल्या कृत्रिम रंगांनीं लाखेच्या रंगाचा बाजार बसविला. परंतु त्या शतकाच्या अखेरीस लाखेस दुसराच आश्रय मिळाला, तो ग्रामोफोनच्या तबकडीचा. दगडाची बारीक पूड आणि काजळी यांस बांधून ठेवणारें द्रव्य म्हणून लाख वापरीत. तो गोळा ऊन करून सांच्यांत दाबीत, कीं गाण्याच्या रेषा त्यावर उमटत. १९०२ सालीं कलकत्त्यास हिंदी गायकांच्या पहिल्या तबकड्यांचें ध्वनिमुद्रण झालें, आणि १९०८ सालीं तेथेंच सियालदह येथें तबकड्यांचा कारखाना निघाला. आमच्या वडील पिढीनें जीं नाट्यपदें कर्ण्यांतून ऐकलीं, तीं खऱ्या अर्थानें रानांतल्या किड्याच्या घरावर कोरलेलीं होतीं. लाखेच्या अभ्यासासाठीं १९२४ सालीं रांचीजवळ नामकुम येथें संशोधनसंस्था स्थापन झाली. दुसऱ्या महायुद्धांत तर लाखेची एवढी चणचण भासली, कीं १९४२ सालीं अमेरिकेंत तबकड्यांसाठीं ती वापरण्यावर निर्बंध घालावे लागले. १९४८ सालीं व्हिनाइलची तबकडी निघाली आणि लाखेचा हा आश्रयहि पुढें सुटला.

आतां पश्चिमेकडे वळूं. १८६२ सालच्या लंडनच्या प्रदर्शनांत अलेक्झांडर पार्क्स यानें कापसापासून केलेला एक नवा पदार्थ मांडला. पुढें अमेरिकेंत जॉन हायट यानें १८७० सालीं त्याच मार्गानें जाऊन त्यांत कापूर मिसळला आणि सेल्युलॉइड तयार केलें. आपल्या देवघरांतला कापूरच तो! सेल्युलॉइडच्या जुन्या फणीचा तुकडा जोरानें घांसला, तर कापराचा वास येतो. कढत पाण्यांत हा पदार्थ मऊ पडतो. म्हणून त्याच्या पत्र्यांपासून फण्या, चष्म्यांच्या चौकटी, बांगड्या आणि बाहुल्या होऊं लागल्या. शिंगाचें आणि कांसवाच्या पाठीचें काम त्यानें बळकाविलें. त्याच्याच पातळ पट्टीवर चलच्चित्रें उमटलीं. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजीं मुंबईस झळकला, तो याच पट्टीवर. परंतु कापसाचें हें रूप भयंकर ज्वालाग्राही आहे. जानेवारी २००३ मध्यें पुण्यास जुन्या चित्रपटांच्या कोठारास आग लागून अशा पट्ट्यांचा मोठा संग्रह जळून गेला. लाक्षागृहाची कथा नव्या पदार्थानें पुन्हां सांगितली, एवढेंच. घरांत कोणाकडे सेल्युलॉइडची जुनी वस्तु असेल, तर ती चुलीपासून आणि उन्हापासून दूर ठेवावी, हा या इतिहासाचा पहिला उपदेश होय.

यानंतर लिओ बेकेलंड हा मनुष्य येतो. बेल्जममध्यें जन्मलेला आणि अमेरिकेंत वसलेला हा रसायनशास्त्रज्ञ लाखेस स्वस्त पर्याय शोधीत होता. कारण विजेच्या तारांवर आणि यंत्रांवर आवरण देण्यासाठीं लाख अपुरी पडूं लागली होती. १९०७ सालीं त्यानें फिनॉल आणि फॉर्मॅल्डिहाइड यांपासून बेकेलाइट सिद्ध केलें. निसर्गांतील कोणत्याहि राळेचा अगर तंतूचा आधार न घेतां मनुष्यानें केलेलें हें पहिलें प्लॅस्टिक. तें विटेच्या जातीचें निघालें. सांच्यांत एकदां शिजलें, कीं पुन्हां वितळत नसे. जुन्या दूरध्वनियंत्रांचीं आणि रेडिओचीं काळीं-तपकिरी घरें त्याचींच. म्हणजे आपण ज्या यंत्रातून भाषणें ऐकत आलों, त्याचें कवच आपल्या लाखेची जागा घेण्यासाठींच जन्मास आलें होतें.

घरीं वाकवितां येईल असा पत्रा म्हणून जो पदार्थ विशेष प्रसिद्ध झाला, तो ॲक्रिलिक. जर्मनींत ओटो रोम यानें आणि इंग्लंडांत दुसऱ्या एका कंपनीनें १९३३-३४ च्या सुमारास तो बाजारांत आणिला. कांचेसारखा पारदर्शक, वजनानें तिच्या निम्मा, आणि तापवून वाकवितां येणारा. त्यामुळें महायुद्धांत विमानांचे घुमट त्याचे होऊं लागले. घुमटाचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत शिरूनहि डोळा त्यांस फारसा विरोध करीत नाहीं, हें हॅरल्ड रिड्ली या इंग्रज नेत्रवैद्याच्या ध्यानीं आलें, आणि १९४९ सालीं त्यानें त्याच पदार्थाचें भिंग मनुष्याच्या डोळ्यांत बसविलें. आज मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर आपल्या गांवच्या आजोबांस जी दृष्टि परत मिळते, तिचा उगम तेथें आहे.

या पत्र्यास एक विलक्षण गुण आहे. वाकविलेला पत्रा पुन्हां नीट तापविला, तर तो आपण होऊन सपाट होतो. वर्गांत हा प्रयोग करून दाखविला असतां एका विद्यार्थ्यानें मला विचारिलें होतें, “गुरुजी, याला आपलें पहिलें रूप आठवतें काय?” शास्त्रज्ञहि या गुणास स्मृति असेंच म्हणतात. त्याच्या सांखळ्या इतक्या लांब आणि इतक्या गुंतलेल्या असतात, कीं आकार बदलला तरी त्यांची मूळची गुंफण सुटत नाहीं. शिकाऊ कारागिरास हें मोठें वरदान आहे. पहिल्यानें वांकडा झालेला तुकडा त्यास पुन्हां सुधारतां येतो.

आपल्या देशांत १९५७ सालीं पॉलिस्टायरिनचें उत्पादन सुरू झालें, आणि त्यानंतर एकामागून एक प्लॅस्टिकें येथें होऊं लागलीं. खानदेशास प्लॅस्टिकची खरी ओळख झाली ती शेतीच्या पाण्यामुळें. १९८० च्या सुमारास जळगांव येथें भवरलाल जैन यांनीं पी. व्ही. सी. नळांचा कारखाना काढला. पुढें ठिबक सिंचनाच्या नळ्या आणि प्लॅस्टिकचे पत्रेहि त्या गांवीं होऊं लागले. ज्या पश्चिम खानदेशाचा पुढें धुळें जिल्हा झाला आणि ज्यांतून १ जुलै १९९८ रोजीं नंदुरबार जिल्हा वेगळा निघाला, त्या मुलखांत तापीकांठच्या मिरचीस, केळीस आणि पपईस हेच नळ पाणी नेऊं लागले. अशा रीतीनें उष्णतेनें मऊ होणारा पदार्थ पुन्हां खेडुताच्या हातीं आला. आणि त्यानें तो तापवून पाहिला, यांत नवल तें काय?

परंतु या जुन्या विद्येचा नव्या पदार्थाशीं संगम कसा व्हावा, याचें सर्वोत्तम उदाहरण मला जयपुरास दिसतें. जयपूर ही लाखेच्या बांगड्यांची राजधानी. तेथील मणिहारांच्या गल्लींत आजहि शेगडीवर लाख वळविली जाते. त्याच शहरांत १९६८ सालीं रामचंद्र शर्मा हे शाळेंत फारसें न शिकलेले कारागीर आणि डॉक्टर प्रमोद करण सेठी या दोघांनीं मिळून अपंगांसाठीं कृत्रिम पाय सिद्ध केला. पाऊल रबराचें, तें सांच्यांत शिजवून घट्ट केलेलें, म्हणजे विटेच्या जातीचें. वरची नळी पूर्वीं ॲल्युमिनियमची ठोकीत. पुढें ती पॉलिथीनची होऊं लागली. पॉलिथीनचा नळ भट्टींत मऊ करावयाचा, रुग्णाच्या तुटक्या पायाच्या सांच्यावर ओढावयाचा, आणि निवेपर्यंत दाबून धरावयाचा. हा पाय घालून मनुष्य अनवाणी चालूं शकतो, मांडी घालून बसूं शकतो, चिखलांत उतरूं शकतो. डॉक्टर सेठी यांस १९८१ सालीं मॅगसेसे पारितोषिक मिळालें. वैद्याचें ज्ञान आणि कारागिराचा हात एकत्र आले, तेव्हां शेतांतल्या नळाचा भाऊबंद मनुष्याचा पाय झाला.

आतां थोडें आपल्या अंगणांतलें. पी. व्ही. सी. चा नळ अगर पत्रा ८० अंशांच्या सुमारास मऊ पडूं लागतो आणि शंभराच्या थोडा वर गेला, कीं चांगला वळतो. परंतु तो जळूं लागला, कीं त्यांतून हायड्रोजन क्लोराइड नांवाचा वायु निघतो. तो डोळ्यांतील आणि घशांतील ओलाव्यांत मिसळतांच आम्ल होतो. आगींत डायॉक्सिन नांवाचीं अत्यंत विषारी द्रव्येंहि उत्पन्न होतात. आगटीच्या ज्वाळेचें तापमान कित्येक शें अंश असतें. म्हणजे जेथें शंभर-सवाशें अंशांची गरज, तेथें आपण ज्वाळेशीं व्यवहार करितों. नळाचा पृष्ठभाग काळा पडतो, आंतला भाग कच्चा राहतो, आणि धूर छातींत जातो. लखारी निखारा वापरी, ज्वाळा नव्हे. हें आपण विसरलों.

उपाय अवघड नाहींत. नळाचें टोंक उकळत्या पाण्यांत धरावें. पाणी शंभर अंशांच्या वर जात नाहीं, म्हणून नळ करपण्याची भीति उरत नाहीं. तोरणमाळसारख्या उंच ठिकाणीं पाणी शंभराच्या तीन-चार अंश खालींच उकळतें. तेथें नळ थोडा अधिक वेळ धरावा लागेल, इतकेंच. लांब नळ मध्यें वाकवावयाचा असेल, तर भडभुंज्याची युक्ति आठवावी : वाळू तापवून ती नळांत भरावी. वाळूची ऊब चोहोंकडून सारखी लागते आणि वांकवितांना नळ चेपत नाहीं. वाळू फार तापली नाहीं ना, हें आधीं एका टाकाऊ तुकड्यावर पाहावें. ॲक्रिलिकच्या पत्र्यास १५० ते १७० अंश लागतात, तेथें पाणी पुरें पडत नाहीं; तो ज्या रेषेवर वाकवावयाचा, तेवढीच रेषा धगीपासून अंतरावर ठेवून, दोन्ही बाजूंनीं उलटसुलट करीत ऊन करावी. पत्र्यावर बुडबुडे दिसूं लागले, कीं उष्णता अधिक झाली असें समजावें. दमट हवेंत ठेविलेला पत्रा आधीं मंद उष्णतेवर नीट वाळवावा. कोणताहि पत्रा पूर्ण निवेपर्यंत हातानें अगर सांच्यांत दाबून धरावा. घाई केली, तर तो थोडा मागें फिरतो. आणि हें सारें काम उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून, लेकरांपासून दूर आणि स्वयंपाकाचीं भांडीं न वापरतां करावें.

तापविण्यापूर्वीं पदार्थ ओळखावा, हें सर्वांत महत्त्वाचें. पुष्कळ वस्तूंवर त्रिकोणांत एक आंकडा असतो. ३ हा आंकडा पी. व्ही. सी. चा. आंकडा नसेल, तर लहान तुकडा पाण्यांत टाकावा. पॉलिथीन तरंगतें; पी. व्ही. सी. आणि ॲक्रिलिक बुडतात. ओळख पटत नसेल, तर ती वस्तु आगीजवळ नेऊं नये.

प्लॅस्टिकचा एक दोष मात्र कोणत्याहि कौशल्यानें झांकत नाहीं. लाखेची फुटकी बांगडी मातींत कालांतरानें मिसळून जाते. प्लॅस्टिकची पिशवी पिढ्यान् पिढ्या राहते. महाराष्ट्र शासनानें २३ मार्च २०१८ रोजीं पिशव्यांसह अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी जाहीर केली, आणि १ जुलै २०२२ पासून एकदांच वापरून टाकावयाच्या कित्येक प्लॅस्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. परंतु बंदी बाजारावर चालते. जुन्या नळाचा तुकडा होळींत टाकावयाचा कीं ऊन पाण्यांत मऊ करून गोठ्याच्या पन्हाळीस जोडावयाचा, हें घरांतच ठरतें. गुळाच्या जातीच्या वस्तूस पुन्हां आकार देतां येतो, हें ज्यास ठाऊक आहे, तो ती सहसा जाळणार नाहीं.

लखाऱ्याचें ज्ञान पुस्तकांत नव्हतें. तें बापाकडून लेकाकडे आणि सासूकडून सुनेकडे शेगडीपाशीं बसून जात असे. लाखेचा धंदा जसजसा आटला, तसतशी ती बैठकहि मोडली. आणि नवा पदार्थ दुकानांतून आला, तो आपल्याबरोबर गुरु घेऊन आला नाहीं. ही उणीव भरून काढणें आपल्या हातीं आहे. शाळेंतील शिक्षकांनीं विज्ञानाच्या तासास नळाचा एक तुकडा आणि कढत पाण्याचें भांडें घेऊन मुलांपुढें बसावें. ज्या घरीं सोनार, लखारी, बांबूकाम करणारे वृद्ध अजून आहेत, त्या घरच्या तरुणांनीं त्यांस नुसतें विचारावें, कीं आंच पुरेशी झाली हें तुम्हीं कशावरून ओळखत होतां? जें उत्तर मिळेल, तें लिहून ठेवावें. पदार्थ बाजारांत विकत मिळतो; त्याची मात्रा अशीच माणसाकडून माणसास मिळत असते.